कार्डावरची कमाई आणि घरातली वही

(गेल्या गणेशोत्सवात आपल्या मंडळात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावर इतिहासावर, संतांवर, आरोग्यावर बोलणारी जाणती माणसं येतात. यंदा कार्यकारिणीनं आमच्यासारख्या डिप्लोमावाल्या सरकारी नोकराला उभं केलं आणि विषय दिला, क्रेडिट कार्डाच्या ऑफरमधून कमाई. विषय मुलांनी सुचवला असं कळलं. आम्ही हो म्हटलं, त्याला कारण आहे. ते शेवटी सांगतो.

एक खुलासा आधीच करतो. आज आम्ही 'आम्ही' असंच बोलणार आहोत. तो काही मोठेपणा नव्हे. आमच्या घरी पगार एकाचा आणि हिशेबाची वही दुसरीची. कार्ड आमच्या खिशात असलं तरी वही सौ.च्या हातात असते. तेव्हा जी काही कमाई झाली ती दोघांची, आणि जो मूर्खपणा झाला तोही दोघांचाच.

मंडळी, कागदावर पत चालवणं बऱ्हाणपूरला नवं नाही. सुरत ते आग्रा या व्यापारी वाटेवरचं आपलं गाव. इथलं कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तानापर्यंत जात असे. तावेर्निये नावाच्या फ्रेंच जवाहिऱ्यानं सतराव्या शतकात ते लिहून ठेवलं आहे. एवढा व्यापार काही रुपयांच्या थैल्या उंटावर लादून होत नव्हता. तो हुंडीवर होत असे. इथल्या सराफाकडे रक्कम भरायची, चिठ्ठी घ्यायची आणि दूरच्या पेढीवर ती वटवायची. दर्शनी हुंडी दाखवताच वटायची, मुदतीची हुंडी ठरलेल्या दिवसांनी. या सेवेबद्दल सराफ जी रक्कम कापून घेई तिला आपल्या मराठीत नेमका शब्द आहे, हुंडणावळ.

हा शब्द लक्षात ठेवा, कारण क्रेडिट कार्डाची सगळी गंमत याच शब्दात आहे. आपण दुकानात १,००० रुपयांचा माल घेतो आणि कार्ड मशीनला लावतो. दुकानदाराच्या खात्यात पूर्ण हजार येत नाहीत. साधारण पंधरा-वीस रुपये कापले जातात. ही आजची हुंडणावळ. तिचा मोठा वाटा आपल्याला कार्ड देणाऱ्या बँकेला जातो, थोडा मशीन देणाऱ्या बँकेला आणि थोडा व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे अशा जाळ्याला. आपल्या बँकेला जे मिळतं त्यातलाच एक तुकडा ती आपल्याला पॉइंट किंवा कॅशबॅक म्हणून परत करते. म्हणजे बँक खिशातून काही देत नाही, दुकानदाराकडून आलेलं थोडं आपल्याकडे सरकवते. म्हणूनच आपला ओळखीचा किराणावाला कार्ड काढलं की म्हणतो, "भाऊ, रोख द्या नाहीतर यूपीआय करा." त्याचं चुकत नाही. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून त्याला ही हुंडणावळ द्यावी लागत नाही.

पण एवढ्यानं पुरं होत नाही. शंभर रुपयांना रुपया-सव्वा रुपया परत देऊन वर विमानतळावरचं जेवण, सिनेमाची तिकिटं आणि पाच-पाच हजारांचे व्हाउचर कुठून येतात? आम्ही बांधकामवाले. पाणी दिसलं की ते येतं कुठून हे आधी पाहायची आम्हाला सवय. आपला कुंडी भंडारा पाहा. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात बांधलेला. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी जमिनीखालून उतारानं शहरात आणलं. कुंडीवर उभ्या माणसाला वाटतं पाणी इथेच उगवतं, पण ते कोसभर वरून कुणाच्या तरी जमिनीतून झिरपत आलेलं असतं. कार्डाच्या बक्षिसाचंही तसंच आहे. त्यातलं बरंच पाणी, जे लोक बिल पूर्ण भरत नाहीत त्यांच्या घरातून झिरपत येतं. त्यांचं व्याज, त्यांचा उशिराचा दंड, त्यांची फी. अमेरिकेत तर दर महिन्याला बिल पूर्ण फेडणाऱ्या ग्राहकाला कार्डाच्या धंद्यातले लोक थट्टेनं 'डेडबीट' म्हणत आले, म्हणजे बुडव्या! वेळेवर पैसे देणारा तो बुडव्या. यावरून धंदा कशावर चालतो ते समजून घ्या.

आता कमाई. मुलांना तेच ऐकायचं आहे, तेव्हा आमच्या घरचा हिशेब वहीतून जसाच्या तसा सांगतो. आमच्याकडे दोन कार्डं आहेत. महिन्याला साधारण २८,००० रुपयांचा खर्च त्यांवर जातो, म्हणजे वर्षाला ३,३६,०००. त्यातली ४८,००० ची ऑनलाइन खरेदी, तिच्यावर ५ टक्के मिळतात, झाले २,४००. पेट्रोल, विमा, विजेचं बिल असा १,२०,००० चा खर्च, त्यावर आमच्या कार्डांवर काहीच मिळत नाही. उरलेल्या १,६८,००० वर १ टक्का, झाले १,६८०. सणाच्या सवलतीत वॉशिंग मशीन घेतलं, तिथे कार्डामुळे १,५०० सुटले. बेरीज ५,५८०. एका कार्डाची वार्षिक फी ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० वजा. हातात राहिले ४,९९०. पैसे महिनाभर बचत खात्यात पडून राहतात त्याचं व्याज धरा आणखी सहा-सातशे.

म्हणजे वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास. महिन्याला साडेचारशे-पावणेपाचशे. सगळे नियम पाळून, तारखा सांभाळून, दोन माणसांनी डोकं लावून. वाईट नाही, दिवाळीचा दराबा आणि मावा जिलेबी निघते. पण याला कुणी 'साइड इन्कम' म्हणत असेल तर त्याला विचारा, बाबा रे, तुझा पगार किती आणि तुझा खर्च किती?

आणि यातही एक मेख आहे. कार्ड घेतल्याच्या पहिल्या वर्षी आम्ही फार खूश होतो. वर्षअखेर सौ.नं वही काढली. आदल्या वर्षी घरखर्च महिना ३१,२०० होता, कार्ड आल्यावर ३३,१०० झाला. महिन्याला १,९०० जास्त. महागाईचे ७०० सोडून देऊ, असं तीच म्हणाली. उरले १,२००. वर्षाचे १४,४००. आणि पॉइंट मिळाले होते पाच हजारांच्या आतले. आम्ही वाद घातला, की कार्डामुळे नाही, गरजाच वाढल्या. तिनं विचारलं, "घरात तीन छत्र्या असताना चौथी कुठल्या गरजेनं आली?" उत्तर नव्हतं. पाचशे रुपयांच्या वर ऑर्डर गेली की पॉइंट दुप्पट होते, म्हणून आली होती.

हे फक्त आमच्यासारख्या साध्या माणसांचं होतं असं नाही. एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित संस्थेच्या ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांचा एक अभ्यास २००१ साली छापून आला. त्यांनी तिथल्या शिकलेल्या मुलांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली. काहींना सांगितलं रोख द्यायचे आहेत, काहींना सांगितलं कार्डानं द्यायचे आहेत. कार्डवाल्यांची बोली जवळजवळ दुप्पट निघाली. नोट हातातून जाते तेव्हा बोटांना कळतं. कार्ड हातातून जातं आणि लगेच परत येतं, म्हणून काही गेलं असं वाटतच नाही.

कार्डानं खरोखर चतुराईची कमाई करणारे लोक जगात आहेत हेही सांगायला हवं. अमेरिकेच्या टांकसाळीनं २००८ साली एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून ती घरपोच आणि पोचवणीचा खर्च न घेता विकायला काढली. लोकांनी हजारो डॉलरची नाणी क्रेडिट कार्डानं मागवली, पेट्या तशाच बँकेत नेऊन भरल्या, त्याच पैशातून बिल फेडलं आणि फुकटात विमानप्रवासाचे पॉइंट मिळवले. २०११ मध्ये टांकसाळीनं त्या नाण्यांसाठी कार्ड घेणंच बंद केलं. अशा वाटा निघतात आणि बुजतात. आपल्याकडेही वॉलेटमध्ये पैसे भरून, घरभाडं भरून पॉइंट मिळायचे. मग बँकांनी त्यावर फी लावली, पॉइंट बंद केले. ज्या दिवशी ती युक्ती आपल्यापर्यंत व्हॉट्सअॅपवर पोचते, त्या दिवशी बहुधा ती संपलेली असते.

आता व्याजाकडे येऊ. बिलावर दोन आकडे असतात, 'एकूण देय' आणि 'किमान देय'. किमान देय साधारण ५ टक्के असतं. किमान भरलं की दंड लागत नाही, फोन येत नाहीत, आणि माणसाला वाटतं सुटलो. पण पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदत संपते, आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजलं जातं. दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. वर्षाचे झाले ४२. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळजवळ ५० टक्के. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या साबणावरही आजपासून व्याज. एटीएममधून कार्डानं रोख काढली तर मुदत कधीच नसते. काढल्याबरोबर फी आणि त्याच दिवसापासून व्याज. आपल्या आजोबांच्या वेळचा सावकार एवढं मागताना थोडा तरी लाजला असता.

कुणाला वाटेल याला कायदा नाही का? २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगानं म्हटलं होतं की ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापार प्रथा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल रद्द केला. व्याजाचा प्रश्न बँका आणि रिझर्व्ह बँक यांच्या अखत्यारीतला ठरला. तेव्हा या बाबतीत आपलं रक्षण आपणच करायचं आहे.

'नो कॉस्ट ईएमआय' हाही असाच गोड शब्द. रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना सांगितलं आहे की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. होतं असं, की बँक व्याज लावते आणि दुकान तेवढी सूट देतं. पण त्या व्याजावरचा जीएसटी आपल्याकडूनच जातो, वर प्रोसेसिंग फी, आणि रोखीत मिळाली असती ती सूट हुकते. घ्यायचं तर घ्या, पण गोळाबेरीज करून घ्या.

मंडळी, आता ते कारण सांगतो ज्यासाठी आम्ही हा विषय घेतला.

आमच्या ताईचा मुलगा चोवीस वर्षांचा. इथेच एका खासगी नोकरीत, पगार १८,०००. त्यानं आम्हाला हे सांगायची परवानगी दिली आहे, नाव न घेता. तो आज इथे बसला आहे की नाही तेही सांगणार नाही. कृपा करून मागे वळून पाहू नका.

पहिलं कार्ड त्यानं आमचं बघूनच घेतलं. "मामा, तुम्हाला वॉशिंग मशीनवर १,५०० सुटले ना?" असं म्हणून. पहिले सहा महिने बिल पूर्ण भरत होता. मग दुसरं, तिसरं. दीड वर्षात पाच कार्डं झाली. एका कार्डावर ऑफर होती, साठ दिवसांत ५०,००० खर्च करा, ५,००० चं व्हाउचर घ्या. १८,००० पगाराचा मुलगा साठ दिवसांत ५०,००० कुठून खर्च करणार? मग तो दुसऱ्यांसाठी खरेदी करू लागला. मित्राचा मोबाइल, मित्राच्या मित्राचा मोबाइल. माल त्यांच्या पत्त्यावर जायचा, पैसे ते नंतर पाठवायचे, वर दोन-तीनशे रुपये कमिशन. चार-पाच वेळा पैसे वेळेवर आले. नंतर एकदा ७२,००० चा माल गेला आणि तो माणूस फोन उचलेनासा झाला.

त्यानं घरी सांगितलं नाही. किमान देय भरत गेला. ते जमेना तेव्हा दुसऱ्या कार्डानं रोख काढून पहिलं भरलं, तिसऱ्यानं दुसरं. मागच्या वर्षी अनंत चतुर्दशीला विसर्जनाहून परतल्यावर रात्री साडेबाराला तो आमच्या दाराशी उभा होता. अंगावर गुलाल तसाच. म्हणाला, "मामी, पाणी द्या." पाणी प्यायला आणि खाली बसून रडायला लागला.

त्या रात्री सौ.नं वहीचं कोरं पान काढलं आणि पाचही कार्डांचे आकडे एकाखाली एक लिहिले. बेरीज २,१०,०००. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज ७,३५०, त्यावर जीएसटी १,३२३. मिळून ८,६७३. किमान देय साधारण १०,५०० भरलं तर मुद्दल फक्त १,८२७ नं कमी होणार. मग तिनं त्याला विचारलं, "वर्षभरात या सगळ्या ऑफरमधून तुला मिळाले किती?" त्यानं मोबाइलवर पाहून सांगितलं, ९,१०० च्या आसपास. तिनं शांतपणे लिहिलं, वर्षाची कमाई बत्तीस दिवसांच्या व्याजात गेली. तो आकडा पाहिल्यावर त्याचं रडणं थांबलं. त्याला प्रथमच कळलं की आपण कुठे उभे आहोत.

दुसऱ्या दिवशी ताईला सांगितलं. आम्हाला वाटलं होतं ती ओरडेल. ती काही बोलली नाही. आत गेली आणि पाटल्या घेऊन आली. सोनं तारण ठेवून बँकेतून साडेनऊ टक्क्यांनी कर्ज काढलं, पाचही कार्डं एका दिवसात फेडली आणि चार बंद केली. जिथे महिन्याला ८,६७३ व्याज होतं तिथे ते पहिल्या महिन्यात १,६६० वर आलं. त्याच्या पगारातले ८,००० आणि आमच्याकडून ३,००० असे महिन्याला ११,००० भरत आलो. आज ९३,००० उरले आहेत.

परवा महालक्ष्म्यांच्या जेवणाला ताई आली तेव्हा तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. कुणीतरी सहज विचारलं, पाटल्या कुठे? ती म्हणाली, "पॉलिशला दिल्यात." आम्ही दोघं मान खाली घालून वाढत राहिलो. तिचा मुलगा आमचं बघून या वाटेला लागला होता. १,५०० सुटले हे आम्ही चार लोकांत मोठ्यानं सांगितलं होतं. चौथ्या छत्रीची गोष्ट मात्र घरात ठेवली होती. आज ती इथे सांगितली ती त्यासाठीच.

तेव्हा मुलांनो, कार्ड वापरू नका असं आम्ही म्हणत नाही. आम्ही स्वतः वापरतो. पण आमच्या घरचे जे नियम झाले आहेत ते सांगतो. पटतील ते घ्या.

पहिला. जे पैसे आज खात्यात आहेत तेवढ्याचीच खरेदी कार्डानं करायची. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरं, पण कार्डाची मर्यादा हे अंथरूण नव्हे, ती नुसती चादर दाखवणं आहे.

दुसरा. बँकेत ऑटो डेबिट लावताना 'एकूण देय' निवडायचं. बऱ्याच अर्जांवर 'किमान देय' हाही पर्याय असतो, तो चुकूनही नाही.

तिसरा. दोनपेक्षा जास्त कार्डं नकोत. आणि मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापर ठेवला तर सिबिल स्कोअरही बरा राहतो. तो ३०० ते ९०० मध्ये असतो, आणि वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मागता येतो. उद्या घरासाठी कर्ज लागलं तर हाच आकडा विचारतील.

चौथा. दुसऱ्यासाठी खरेदी नाही. भाऊ असो, साडू असो. द्यायचेच असतील तर पैसे उसने द्या, निदान व्याज तरी बँक लावणार नाही. ओळखीच्या दुकानात कार्ड घासून रोख घेणं तर मुळीच नाही. ते नियमाबाहेर आहे. कार्डही जातं आणि दुकानदाराचं मशीनही.

पाचवा. पॉइंट म्हणजे रुपया नव्हे. बऱ्याच कार्डांवर एका पॉइंटचे वीस-पंचवीस पैसे येतात. चार हजार पॉइंट ऐकायला छान, हातात हजार रुपये. त्यांना मुदत असते, घेताना फी असते, महिन्याची कमाल मर्यादा असते. बारीक अक्षर वाचायचं. आपण सरकारी परिपत्रकं वाचणारी माणसं, आपल्याला ते जड नाही.

सहावा. "तुमचे पॉइंट आज रात्री संपत आहेत" असा मेसेज आला, खाली लिंक असली, की तो चोर आहे असं समजा. लिंक उघडायची नाही, ओटीपी सांगायचा नाही, कुणी पाठवलेलं अॅप टाकायचं नाही. पैसे गेलेच तर लाजून घरी बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. पहिला तास महत्त्वाचा असतो. ज्येष्ठांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

सातवा. नको असलेलं कार्ड बंद करायचं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बाकी काही नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बँकेनं ते बंद करायला हवं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. न मागता कार्ड पाठवणंही त्यांना मना आहे. फोनवर गोड आवाजात कुणी "सर, फ्री आहे" म्हटलं तरी नको म्हणायला शिका.

आठवा आणि सगळ्यात सोपा. त्या दिवशीचा कार्डाचा खर्च त्याच संध्याकाळी वहीत लिहायचा, पेनानं. नोट देताना बोटांना जे कळायचं ते आता लिहिताना कळतं. आम्ही लिहायला लागल्यावर महिन्याचे ते १,२०० आपोआप कमी झाले. कुठल्याही कार्डानं आम्हाला दिलं नसेल एवढं त्या चाळीस रुपयांच्या वहीनं दिलं.

आमच्या नोकरदार बांधवांसाठी एक वाक्य. आपल्या आचरण नियमांत सरकारी सेवकानं सवयीच्या कर्जबाजारीपणापासून दूर राहावं अशी अपेक्षा आहे. आणि कार्यालयाची खरेदी आपल्या कार्डावर करून पॉइंट आपल्या नावावर घेण्याचा मोह कुणाला होत असेल, तर तो रुपया-दोन रुपयांचा असला तरी मोहच आहे.

हे आम्ही दुसऱ्याला सांगतो, तर स्वतःचंही सांगायला हवं. मागच्या वर्षी मंडळाच्या सजावटीचं सामान ऑनलाइन मागवायचं होतं. आम्ही आमच्या कार्डानं ३२,००० भरले आणि तेवढी रक्कम मंडळाकडून घेतली. ५ टक्क्यांनी आमच्या खात्यात १,६०० जमा झाले. पावती पूर्ण होती, हिशेब चोख होता, कुणाचं काही गेलं नव्हतं. घरी आल्यावर सौ. म्हणाली, "वर्गणी शंभर घरांची, आणि कॅशबॅक आपल्या घरात?" दुसऱ्या दिवशी ते १,६०० मंडळात भरले. वहीत त्याची नोंद आहे, खजिनदारांकडे पावती आहे.

आपल्या आजी-आजोबांनी या परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहून घरं उभी केली ती पतीवर. इतवाऱ्यात अमक्याचा मुलगा म्हटलं की दुकानदार वही उघडायचा, तारण मागायचा नाही. ती पत बँकेनं दिलेली नव्हती, आणि तिच्यावर पॉइंट मिळत नव्हते. मुलांनो, अडचण आली तर रात्री साडेबारापर्यंत थांबू नका. पहिल्या चुकलेल्या हप्त्याला या. आमच्या घरी या, नाहीतर ज्याच्यावर विश्वास आहे त्या काका-मामाकडे जा. आणि वडीलधाऱ्यांनो, मूल आलं तर आधी पाणी द्या, मग वही काढा. रागवायला पुढे पुष्कळ दिवस आहेत.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्या बसतील तोवर ते ९३,००० फिटतील असा आमचा हिशेब आहे. पाटल्या घरी आल्या की मंडळाला पेढे देऊ. रोखीनं आणलेले.